आठ ओळींचा राजा

चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मधला मठवासी थोरामोठ्यांच्या पतनाच्या कथा सांगू लागतो, तेव्हा ल्युसिफर आणि आदम यांच्यापासून निघालेली त्याची यादी चॉसरच्या समकालीनांनाही सामावून घेते. त्या समकालीनांत सायप्रसचा राजा पहिला पीटर आहे. त्याच्या वाट्याला एक कडवे आले आहे. ओळी अवघ्या आठ. आशय असा की, या पराक्रमी राजाने अलेक्झांड्रिया जिंकली, अनेक परधर्मीयांना दुःखात लोटले, आणि त्याच्याच सरदारांनी केवळ त्याच्या क्षात्रतेजाचा मत्सर वाटून एके सकाळी त्याला अंथरुणातच ठार मारले. दैवाचे चक्र असेच फिरते आणि सुखाचे दुःख करते.

इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात चॉसरचा प्रास्ताविक भाग वाचलेल्या विद्यार्थ्याला या राजाची सावली आणखी एका ठिकाणी भेटलेली असते, पण बहुधा तिच्याकडे त्याचे लक्ष गेलेले नसते. चॉसरचा सरदार ज्या लढायांत लढला, त्यांच्या यादीत पहिले नाव अलेक्झांड्रियाचे आहे. पुढे अडालिया आणि आयास हीही नावे येतात. या तिन्ही मोहिमा पीटरशी जोडल्या जातात. म्हणजे यात्रेकरूंच्या त्या मेळ्यात पीटरच्या निशाणाखाली लढलेला एक माणूस बसलेला आहे, आणि त्याच्यासमोर त्याच्या सेनापतीची कथा आठ ओळींत उरकली जाते. पुढे हाच सरदार मठवाशाला थांबवतो. पतनाच्या कथा पुरे झाल्या, असे म्हणतो. चॉसरने ही योजना जाणून केली की ती ओघात साधली, याचा निर्णय आम्ही करू इच्छीत नाही. मात्र त्या आठ ओळींचा निरोप घेऊन जो इतर भाषांकडे वळेल, त्याला साहित्य इतिहासाचे काय करते, हे फार जवळून पाहता येईल, असे आम्हांस वाटते. या लेखाचा विषय तोच आहे.

प्रथम राजाची हकीकत थोडक्यात. इंग्लंडच्या रिचर्डने ११९१ मध्ये सायप्रस जिंकले आणि पुढच्याच वर्षी ते गी द लुझिन्यां या, जेरुसलेमचे राज्य गमावून बसलेल्या सरदाराच्या हाती आले. फ्रान्सच्या प्वातू प्रांतातून आलेले हे घराणे पुढे जवळजवळ तीनशे वर्षे या ग्रीकभाषक बेटावर राज्य करीत राहिले. १२९१ मध्ये अक्का पडले आणि पॅलेस्टाईनच्या किनाऱ्यावरची धर्मयोद्ध्यांची सत्ता संपली. पण लुझिन्यां राजांनी जेरुसलेमचा किताब सोडला नाही. निकोसियाच्या कॅथीड्रलमध्ये सायप्रसचा मुकुट घालायचा आणि फामागुस्ताला, म्हणजे सीरियाच्या किनाऱ्यासमोरच्या बंदरात, जेरुसलेमचा मुकुट घालायचा, असा परिपाठ पडला. गमावलेल्या राज्याच्या दिशेला तोंड करून केलेला हा दुसरा राज्याभिषेक म्हणजे एका घराण्याने स्वतःला सांगितलेली गोष्टच होती. बहुतेक राजांनी ती किताबापुरती ठेवली. पीटरने ती खरी मानली.

त्याचा बाप चौथा ह्यू हा सावध, मुत्सद्दी आणि विद्याव्यासंगी माणूस. बोकाचोने देवदेवतांच्या वंशावळींवरचा आपला मोठा लॅटिन ग्रंथ याच ह्यूला अर्पण केला आहे. मुलगा निराळ्या वळणाचा निघाला. तरुणपणीच तो भावाला घेऊन चोरून पश्चिमेकडे निघून गेला. बापाने त्यांना धरून आणवले आणि कोंडून ठेवले. १३५८ मध्ये बापाच्या हयातीतच पीटरला सायप्रसचा मुकुट मिळाला, १३५९ मध्ये बाप वारला आणि १३६० मध्ये फामागुस्ताला जेरुसलेमचा मुकुट त्याच्या डोक्यावर आला. त्याच वर्षी आशिया मायनरच्या किनाऱ्यावरचे कोरिकोस त्याच्या संरक्षणाखाली आले, आणि १३६१ च्या ऑगस्टमध्ये त्याने अडालिया घेतली. १३६२ च्या अखेरीस तो युरोपात गेला आणि जवळपास तीन वर्षे व्हेनिस, आव्हिन्यों, लंडन, क्राकोव्ह अशी दरबारे फिरला. राजेरजवाड्यांनी मेजवान्या दिल्या, सामने भरवले, आश्वासने दिली. सैन्य मात्र फारसे कोणी दिले नाही. या दौऱ्याला व्यवहाराची बाजूही होती. वडील भावाचा मुलगा गादीवर हक्क सांगत होता, आणि तो तंटा पोपच्या दरबारी मिटवणे पीटरला भाग होते.

१३६५ च्या ऑक्टोबरमध्ये सुमारे १६५ जहाजांचे आरमार अलेक्झांड्रियापुढे उभे राहिले. इजिप्तचा सुलतान अल-अश्रफ शाबान हा लहान मुलगा होता, कारभार यल्बुघा या अमिराच्या हाती होता आणि शहराचा सुभेदार हजला गेलेला होता. एवढे मोठे बंदर दोन दिवसांत पडले. नंतरचे काही दिवस कत्तल आणि लूट चालली. कैद करून नेलेल्यांत मुसलमान होते, ज्यू होते आणि ज्यांच्या धर्माच्या नावाने ही मोहीम निघाली होती ते स्थानिक ख्रिस्तीही होते. शहर राखावे असे पीटरचे मत होते. पोपचा वकील पिएर तोमा आणि सायप्रसचा चॅन्सेलर फिलिप द मेझिएर हे दोघे त्याच्या बाजूचे होते. लुटीने जहाजे भरलेल्या बाकीच्यांना मात्र घर दिसू लागले होते. कैरोहून फौज येण्याआधी सारे निघून गेले. मागे राहिलेल्या इजिप्तच्या ख्रिस्ती प्रजेकडून सुलतानाच्या कारभाऱ्यांनी या स्वारीची भरपाई वसूल केली.

आता साहित्याकडे वळू. या राजावर सर्वांत मोठी काव्यरचना केली ती ग्यियोम द माशो या फ्रेंच कवी-संगीतकाराने. 'अलेक्झांड्रियाचा पाडाव' हे त्याचे काव्य सुमारे नऊ हजार ओळींचे आहे आणि ते पीटरच्या हत्येनंतर लवकरच, म्हणजे माशोच्या उतारवयात लिहिले गेले. माशो पूर्वेकडे कधी गेला नव्हता. परतलेल्या सरदारांकडून ऐकून त्याने युद्धांचे तपशील जमवले, पण आरंभ केला तो देवसभेपासून. मार्स, व्हीनस आणि इतर देवता एकत्र जमतात आणि जगाला एका नव्या वीराची गरज आहे असे ठरवतात. राजाचा जन्म असा थेट देवांच्या मसलतीतून होतो. एवढ्या उंचीवर जन्मलेल्या नायकाचा शेवट त्याच्याच वाड्यात, त्याच्याच सरदारांच्या सुऱ्यांनी कसा झाला, हे सांगताना काव्याची अडचण होते. तरी माशो प्रामाणिक आहे. शेवटच्या भागात शिकारी कुत्र्यांवरून झालेले भांडण, राजाचा संताप आणि सरदारांचा अपमान हे सारे येते. काव्याची सुरुवात देवसभेत आणि शेवट कुत्र्यांच्या भांडणात, ही विसंगती माशोला झाकता आली नाही. आमच्या मते त्याच्या काव्याचा तोच सर्वांत खरा भाग आहे.

चॉसरने हा पेच सोडवला. त्याने कुत्रे गाळले, अपमान गाळला आणि एकच कारण ठेवले: मत्सर. पतनकथेच्या साच्याला एवढेच कारण पुरते. थोर पुरुष, त्याचे यश, जवळच्यांचा द्रोह आणि दैवाचे चक्र, या चार खांबांवर हा साचा उभा असतो. त्यात थोर पुरुषाने काय केले याची चौकशी करावी लागत नाही. अलेक्झांड्रियाच्या रहिवाशांचे दुःख त्या कडव्यात येते ते राजाच्या पराक्रमाचे माप म्हणून. ज्या वाक्यात ते येते त्याच वाक्यात ते संपते.

त्या रहिवाशांची बाजू अरबीत आहे. अल-नुवैरी हा अलेक्झांड्रियाचाच रहिवासी. आपल्या शहरावर कोसळलेल्या या संकटावर त्याने एक अवाढव्य ग्रंथ लिहिला. तो विषय सोडून वारंवार भटकतो, कथा-कविता-माहिती यांची सरमिसळ करतो, आणि पुन्हा पुन्हा त्या काही दिवसांकडे परततो. लंडनमध्ये जी घटना एका वाक्यात मावली, तिला तिथल्या माणसाला खंडच्या खंड अपुरे पडले. तौलनिक साहित्याच्या वर्गात चॉसरचे ते कडवे आणि हा ग्रंथ शेजारी ठेवण्याइतके बोधक उदाहरण दुसरे क्वचितच मिळेल.

परंतु आमच्या दृष्टीने या सगळ्यांत श्रेष्ठ लेखक आहे तो लेओंतिओस माखेरास. हा सायप्रसचा ग्रीक. राजाच्या हत्येनंतर दहाबारा वर्षांनी जन्मलेला, फ्रेंच सरदारांच्या पदरी चिटणिशी केलेला, १४३२ मध्ये वकिलातीवर गेल्याची नोंद असलेला. त्याने 'सायप्रस या गोड भूमी'चा वृत्तान्त अभिजात ग्रीकमध्ये न लिहिता बेटावरच्या बोलीत लिहिला. त्या बोलीत फ्रेंच आणि इटालियन शब्दांची रेलचेल आहे, आणि लेखकाला त्याची जाणीवही आहे. लुझिन्यां आल्यापासून आम्ही फ्रेंच शिकू लागलो, आमची ग्रीक बिघडली आणि आता आम्ही काय बोलतो ते जगात कोणाला कळत नाही, अशा अर्थाचे तो स्वतःच लिहून ठेवतो. आपली भाषा बिघडली आहे हे त्याच बिघडलेल्या भाषेत, आणि इतक्या सहजपणे सांगणारा लेखक आम्हांस आवडतो. १९३२ मध्ये डॉकिन्सने ऑक्सफर्डहून त्याची संहिता इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केली, तेव्हापासून ग्रीक न येणाऱ्या अभ्यासकालाही तो खुला झाला आहे.

माखेरासच्या पानांत पीटर घरात शिरतो. राणी एलेअनोर ही आरागॉनच्या राजघराण्यातली. तिच्यावर राजाचे इतके प्रेम की, परदेशी दौऱ्यावर तो तिचा अंगरखा बरोबर नेई आणि झोपताना तो जवळ घेई. याच राजाच्या दोन रखेल्या होत्या, हेही माखेरास त्याच स्वरात सांगतो. त्यांपैकी योआना लालमां गरोदर होती. राजा दूर असताना राणीने तिला बोलावून घेतले, जमिनीवर पाडले, तिच्या पोटावर उखळ ठेवून त्यात मीठ कुटवले. गर्भ पडेना तेव्हा जात्याचा प्रयोग केला. मूल जन्मले आणि ते राणीकडे नेण्यात आले. त्याचे पुढे काय झाले ते कळत नाही. योआनाला कोठडीत टाकले, आणि राजाचे धमकीचे पत्र आल्यावर मठात पाठवले. सायप्रसमध्ये आजवर गायल्या गेलेल्या 'अरोदाफ्नूसा' या लोकगीताचा संबंध अभ्यासक या योआनाशी जोडतात. दरबारी काव्यात जिला जागा मिळाली नाही, तिला लोकांच्या गळ्यात मिळाली.

मग राणीचे प्रकरण. राजा पश्चिमेकडे असताना तिचे एका उमरावाशी संबंध जुळले. जॉन व्हिस्कोंती नावाच्या, राजघर सांभाळण्यास नेमलेल्या निष्ठावान सरदाराने ते राजाला पत्राने कळवले. राजा परतला आणि त्याने सरदारांच्या सभेकडे न्याय मागितला. सभेने विचार केला. राणीला दोषी म्हणावे तर तिचे कॅटलन आप्त आरमार घेऊन येतील. राजा आज रागात आहे, उद्या आपल्यालाच विचारील की तुम्ही हे का बोललात. तेव्हा व्हिस्कोंती खोटे बोलला असे म्हणणेच राज्याच्या हिताचे. तसे ठरले. खरे बोललेला माणूस किल्ल्यातल्या कोठडीत उपासमारीने मेला. माखेरास यावर कसलेही भाष्य करीत नाही. सभेतले युक्तिवाद जसेच्या तसे मांडतो आणि पुढे जातो. खून, जाळपोळ यांपेक्षा ही शांत बैठक अंगावर येते. योर्गोस सेफेरिसने १९५३ मध्ये सायप्रसला भेट दिल्यानंतर लिहिलेल्या आणि १९५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कवितांत याच बैठकीवर एक कविता आहे. माखेरास हा निव्वळ इतिहासाचे साधन नाही, साहित्य आहे, हे त्या कवितेने सिद्ध झाले आहे.

राजाचा शेवट माखेरासने असा सांगितला आहे. सरदारांवरचा त्याचा विश्वास उडाला. तो त्यांचा, त्यांच्या बायकामुलींचा अपमान करू लागला. आँरी द जिब्ले याच्या मुलाजवळचे दोन उमदे शिकारी कुत्रे राजपुत्राला हवेसे वाटले. ते दिले गेले नाहीत. राजाने जिब्लेला आणि त्याच्या मुलाला कैद केले आणि मुलीचेही हाल केले. १३६९ च्या जानेवारीत एके सकाळी सरदार वाड्यात शिरले. त्यांच्याबरोबर राजाचे दोन्ही भाऊ होते. ईबेलां घराण्याचा फिलिप, जिब्ले आणि गोरेल या तिघांनी राजाला अंथरुणात ठार केले.

इथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. माखेरास घटनेनंतर अनेक वर्षांनी लिहितो आहे. त्याच्या चवदार कथांवर विश्वास का ठेवावा? शयनगृहाच्या गोष्टींनी राजकारण स्पष्ट होते काय? आधुनिक इतिहासकारांत पीटर एडबरी यांनी याच अंगाने मांडणी केली आहे. अक्का पडल्यानंतर पोपने इजिप्तशी व्यापारावर बंदी घातली आणि फामागुस्ता गबर झाले. ती बंदी सैल होताच व्हेनिसची जहाजे पुन्हा थेट अलेक्झांड्रियाला जाऊ लागली आणि फामागुस्ताची मिळकत घटली. मलबारची मिरी तांबड्या समुद्रातून इजिप्तला आणि तेथून युरोपला जात होती. ती वाट आपल्या बंदराकडे वळवणे हा अलेक्झांड्रियावरच्या स्वारीमागचा हेतू असू शकतो. हत्येविषयीही तसेच. वर्षानुवर्षे चाललेल्या युद्धाचा खर्च आणि सरदारांच्या हक्कांवर आलेली गदा हे खरे कारण. कुत्रे हे निमित्त.

या मांडणीला एक बळकट आधार आहे, आणि गंमत अशी की तो आधारही एक पुस्तकच आहे. हत्या झाल्यावर लगेचच सरदारांच्या उच्च न्यायसभेने ठराव केला की, शंभर वर्षांपूर्वी याफाचा काउंट जाँ दिब्लां याने लिहिलेल्या कायदेग्रंथाची शुद्ध प्रत तयार करून ती यापुढे प्रमाण मानावी. सरदाराचा न्याय त्याच्या बरोबरीच्यांनीच करावा, राजाने परस्पर कोणाला कैद करू नये, हा त्या ग्रंथाचा गाभा. जिब्लेच्या बाबतीत राजाने नेमका हाच दंडक मोडला होता. ज्यांचे हात रक्ताने माखले होते त्यांनी प्रथम कोणता विधी उरकला असेल, तर पाठचिकित्सेचा! आमच्या सारख्या पुस्तकी माणसांना यातून बरेच शिकण्याजोगे आहे. प्रमाण प्रत सिद्ध करण्याच्या कामामागे दरवेळी केवळ विद्याप्रेमच असते असे नाही.

पण म्हणून माखेरास खोटा पडतो का? आम्हांस तसे वाटत नाही. कायदेग्रंथ सरदारांना आपण कोण वाटत होतो ते सांगतो. माखेरास ते कसे वागत होते ते सांगतो. बरोबरीच्यांनी न्याय करण्याचे तत्त्व कागदावर उदात्त आहे. त्याच तत्त्वानुसार भरलेल्या सभेने व्हिस्कोंतीचे काय केले, हे माखेरासवाचून कळले नसते. राजा कायदा मोडीत होता हे खरे, आणि सरदार कायदा पाळून अन्याय करीत होते हेही खरे. दोन्ही एकाच पुस्तकात ठेवण्याचे धैर्य माखेरासपाशी होते, कारण तो दोघांच्याही पदरचा होता आणि दोघांपैकी कोणाचाच नव्हता. राजाच्या युद्धाला पैसा हवा म्हणून ग्रीक नागरिकांना रक्कम भरून डोईपट्टीतून कायमची सुटका विकण्यात आली, याची नोंद तो घेतो. नऊ हजार ओळींच्या वीरकाव्यात या देवघेवीला जागा नव्हती.

बखरी वाचण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला हा वाद ओळखीचा वाटेल. बखर खरी की खोटी, हा प्रश्न आपण पिढ्यानपिढ्या विचारीत आलो. तो गैर नाही, पण अपुरा आहे. त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारावा असे आम्ही सुचवतो: या संहितेत कोणाच्या दुःखाला किती ओळी मिळाल्या? चॉसरच्या कडव्यात राजाच्या दुःखाला जवळजवळ सगळी जागा आहे. माशोच्या काव्यात नायकाच्या पराक्रमाला. कायदेग्रंथात सरदारांच्या हक्काला. योआनाचे पोट, व्हिस्कोंतीची कोठडी आणि नागरिकांची डोईपट्टी ही फक्त माखेरासच्या पानांत एकत्र येतात. अलेक्झांड्रियातले मृत मात्र त्याच्याही पानांत क्षणभरच दिसतात. त्यांच्यासाठी अल-नुवैरीकडेच जावे लागते, आणि माखेरासच्या चाहत्यांनीही हे विसरू नये.

थोर पुरुष आणि त्याचा घात करणारे जवळचे लोक, या साच्यावर आपले प्रेम आहे. आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्यांचा मोठा भाग त्यावर उभा आहे. साचा वाईट नसतो. त्याने शोकात्मिकेला आकार दिला आहे. परंतु तो वापरताना घातापूर्वी नायकाने कोणाकोणाचा घात केला, ही चौकशी आपोआप बंद पडते. दैवाचे चक्र फिरले असे एकदा म्हटले की ते फिरवणाऱ्या हातांची, आणि त्याखाली सापडलेल्यांची, विचारपूस उरत नाही.

पीटरनंतरची हकीकत साच्यात बसणारी नाही. त्याचा अल्पवयीन मुलगा गादीवर आला. १३७० मध्ये इजिप्तशी तह झाला. १३७२ मध्ये फामागुस्ताच्या राज्याभिषेकात जिनोआ आणि व्हेनिस यांच्या लोकांत मानपानावरून दंगल उसळली; पुढच्या वर्षी जिनोआचे आरमार आले आणि फामागुस्ता १४६४ पर्यंत परकीयांच्या हाती राहिले. १३७५ मध्ये राणी एलेअनोरने दिराचा काटा काढला. घातापूर्वी तिने त्याला मृत नवऱ्याचा रक्ताळलेला सदरा दाखवला, असे माखेरास म्हणतो. जिने नवऱ्याच्या रखेलीचा छळ केला आणि जिच्या प्रकरणापायी एक निरपराध माणूस मेला, तीच शेवटी राजाच्या खुनाचा सूड घेते. १४२६ मध्ये मामलुकांनी सायप्रसवर स्वारी करून पीटरचा पुतण्या जानुस याला कैरोला कैदी म्हणून नेले. अलेक्झांड्रियाचे उत्तर एकसष्ट वर्षांनी आले, आणि ते माखेरासच्या हयातीत आले.

इतके सारे आठ ओळींच्या मागे उभे आहे. चॉसरला दोष द्यावा असा आमचा हेतू नाही. त्याने मठवाशाच्या तोंडी कंटाळवाणी नीतिकथा घातली आणि सरदाराकडून ती थांबवली, हे त्याच्या बाजूने सांगता येईलच. आमचे मागणे शिक्षकांकडे आहे. ते कडवे शिकवताना त्याच्या शेजारी माखेरासची दोन पाने ठेवावीत: एक योआनाचे आणि एक सभेचे. दैवाच्या चक्रावर टीप लिहिण्याआधी विद्यार्थ्यांना ती वाचू द्यावीत. मग 'राजाला का मारले?' असे विचारले तर 'मत्सरामुळे' हे एका शब्दाचे उत्तर सहसा कोणी देणार नाही.